थोरल्या जावेचा वेटसूट

आपण ट्रायथलॉनला नाव दिलंय असं थोरलीने रात्रीच्या जेवणात सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही, कारण ती नेमकं काय म्हणाली ते कुणाला कळलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याने सूपचा घोट घेता घेता विचारलं, ही तुमच्या खात्याची परीक्षा वगैरे आहे का. मग तिने समजावून सांगितलं. आधी तळ्यात पोहायचं, बाहेर आलं की सायकल, सायकल ठेवली की पळायचं. नवशिक्यांसाठी सगळ्यांत छोटी शर्यत असते, ती. नवऱ्याने चमचा खाली ठेवला.

"तिन्ही एकाच दिवशी?"

"एकामागोमाग एक," थोरली म्हणाली. "मध्ये चहासुद्धा नाही."

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि सांगितलं की पळताना दम लागला तर खुशाल बसून घे, लोकांचं काय, लोक येतात नि जातात. त्यांच्या परीने तो आशीर्वादच होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी जाऊ बसली होती. हे सगळं आपल्यामुळेच झालं, असं तिच्या मनात होतं. दोघा भावांचे संसार एकाच इमारतीत, वरच्या आणि खालच्या मजल्यावर होते, आणि संध्याकाळचं जेवण एकत्र व्हायचं. थोरली मोठ्या इस्पितळात एमआरआयच्या यंत्रावर काम करायची. पन्नाशीला टेकलेली, अंगाने चांगली भरलेली, आवाजाने त्याहून. धाकटी सार्वजनिक तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मागच्या वर्षी एके दिवशी थोरली कामावरून परस्पर तिच्या तलावावर आली आणि म्हणाली, "मला शिकव." धाकटीला आधी वाटलं, थट्टा चाललीय. पण दुसऱ्या दिवसापासून थोरली उथळ टोकाला, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत, त्यांच्यासारखीच फोमची फळी छातीशी धरून उभी राहू लागली. मुलं तिच्यावर पाणी उडवायची, ती दुप्पट उडवायची. थंडी येईपर्यंत ती न थांबता पोहायला लागली होती. वेग असा नव्हताच. "म्हैस पाण्यात शिरली की लवकर बाहेर येत नाही, तसं माझं," असं तीच सगळ्यांना सांगत सुटायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला हा विनोद करायची सोय राहिली नव्हती.

आणि धाकटी? ती शाळेत असताना तिच्या पोहण्याचं नाव होतं. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर ती पाण्यात उतरली ती फक्त एखाद्या मुलाला धरायला, तेही टी-शर्ट आणि लांब विजार घालून. आधी वेळ नव्हता, मग सवय मोडली, आणि मग पोहायच्या कपड्यात चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की अंगावर काटा यायला लागला. दिसायला ती अजूनही काटक होती, पण आरशाने तिला काही तरी वेगळंच सांगून ठेवलं होतं. गळ्यात शिट्टी अडकवून ती काठावरून शिकवायची आणि उत्तम शिकवायची. त्यामुळे ती स्वतः का पोहत नाही, हे कुणी विचारत नसे.

शर्यतीच्या तळ्याचं पाणी त्या दिवसांत भलतंच गार असायचं. वेटसूट घातल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडणार नाही, असं आयोजकांनी कळवलं होतं. पोहणाऱ्यांसाठीचा, रबरासारख्या कापडाचा हा अंगाला चिकटून बसणारा सूट थोरलीने फक्त टीव्हीवर पाहिला होता. रविवारी सकाळी ती धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली.

"चल माझ्याबरोबर. तू पाण्यातली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. छताला सायकली टांगलेल्या, भिंतीला बुटांच्या रांगा, आणि अगदी मागे, डोकी काढून ठेवलेली माणसं ओळीने उभी करावीत तसे काळे सूट. मालकीण उंच, उन्हाने रापलेली, नुसती तार. तिने दोघींकडे पाहिलं आणि धाकटीला विचारलं, "कधी आहे तुमची शर्यत?"

धाकटीचे कान लाल झाले. थोरलीने तिला बोलायचे कष्ट पडू दिले नाहीत. "हिची नाही, माझी आहे. पहिलीच. मला पोहता येतं, पण सुटातलं काही कळत नाही. तुम्ही शिकवाल ते ऐकेन."

मालकिणीच्या पापण्या एकदाच हलल्या, पण बाई धंद्यातली होती. तिने टेप काढली आणि उंची नि वजन विचारलं. वजनाचा विषय निघताच धाकटी पोहायच्या चष्म्यांच्या कपाटाकडे सरकली. थोरलीला संकोच वाटू नये, म्हणून. पण थोरलीने बसचा नंबर सांगावा तसं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ब्याऐंशी. सकाळी, काही खायच्या आधी." सायकलींपाशी उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. थोरलीने त्यांच्याकडे बघून मान हलवली, ओळख असल्यासारखी. धाकटीने स्वतःचं वजन लग्नानंतर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. हातातला चष्मा तिने जागेवर ठेवला आणि परत आली.

सूट घालायची रीत मालकिणीने दाखवली. पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी घालायची, म्हणजे पाऊल घसरून आत जातं. हातात सुती मोजे, कारण नख लागलं की कापडाला चीर पडते. मग चिमटीने थोडं थोडं वर सरकवायचं, पोटऱ्या, मांड्या, कंबर, घाई न करता. थोरली पडद्याआड गेली आणि मग बराच वेळ पडदा एकटाच धडपडत राहिला. कधी एक कोपर बाहेर यायचं, कधी एक पिशवी घातलेलं पाऊल. उशीला लहान अभ्रा घालावा आणि उशीने विरोध करावा, तसं आत काही तरी चाललं होतं.

पहिला सूट मांडीवरच अडला. दुसरा वर आला, पण पाठीची चेन निम्म्यावर थांबली. धाकटीने तिच्या पाठीला गुडघा लावून दोन्ही हातांनी चेन ओढली. थोरली आतून म्हणाली, "अगं, मला सुटात घालायचंय, माझा मुरांबा नाही करायचा." त्यावर दोघींना जे हसू फुटलं, ते आवरेना. हसण्याने थोरलीची छाती फुगली आणि चेन आणखी खाली गेली. धाकटी तिथेच जमिनीवर बसली.

बायकांच्या मापात त्याहून मोठा सूट दुकानात नव्हता. मालकीण जरा घुटमळली. आता काय बोलायचं याची ती जुळवाजुळव करतेय हे धाकटीला दिसत होतं, आणि ते काय असणार हेही कळत होतं. शेवटी मालकिणीने सांगितलं की पुरुषांच्या मापातला एक कदाचित व्यवस्थित बसेल. धाकटीने थोरलीकडे बघायचं टाळलं.

"आणा की," थोरली म्हणाली. "पाण्याला काय कळतंय."

पुरुषांचा सूट पाठीवर असा बसला, जणू तिच्यासाठीच बेतला होता. पाय तेवढे लांब होत होते. ते खालून कात्रीने कापता येतात, पुष्कळ जण कापतात, असं मालकीण म्हणाली. त्या मापात दोन प्रकार होते, एक पूर्ण बाह्यांचा आणि एक बिनबाह्यांचा. थोरलीने दोन्ही घालून बघितले. बिनबाह्यांचा घातल्यावर ती म्हणाली की यात बरं वाटतंय. मग एकदम तिने मालकिणीला विचारलं, इथे आडवं होण्यासारखं काही आहे का.

"आडवं?"

"मी उभी पोहत नाही ना. उभं राहून मला काय कळणार?"

बूट घालून बघायला ठेवलेलं एक लांब बाकडं होतं. थोरली त्यावर पालथी झाली, पाय मागे सोडले आणि पोहायला लागली. डावा हात, उजवा हात, तोंड बाजूला, श्वास. डावा, उजवा, श्वास. बाकडं करकरत होतं. सायकली बघणारे सायकली बघायचे थांबले. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं धाकटीला झालं. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ एका पायात बूट घालून बसले होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि अदबीने विचारलं, "पाणी कसं आहे?"

"गार," थोरली म्हणाली, हात न थांबवता.

सगळं दुकान हसलं, आणि त्या हसण्यात तिला हसणारं कुणी नव्हतं. धाकटीच्या ते लक्षात आलं. थोरलीने काही लपवलं नव्हतं, म्हणून कुणाला काही शोधून काढायचं उरलं नव्हतं. सुटात घट्ट बसलेली ती बाई एका गोष्टीच्या मागे होती, हात पुरेसा पुढे जातो की नाही, आणि तेवढंच ती करत होती. धाकटीला वाटलं, हे मला कधी जमणार नाही.

मग पूर्ण बाह्यांचा घालूनही थोरली तशीच पोहली. उठली तेव्हा ती जरा विचारात पडलेली दिसली. मालकिणीने दोन्हींचे गुण सांगितले. पूर्ण बाह्यांत ऊब जास्त, पाण्यावरून सरकायलाही बरा. बिनबाह्यांत खांदा मोकळा. निवड ज्याची त्याची. थोरली धाकटीकडे वळली. "बोल, तू पाण्यातली. तू म्हणशील तो."

धाकटीने आरशात पाहिलं. पूर्ण बाह्यांच्या काळ्या सुटात थोरली एकसंध, आटोपशीर दिसत होती. बिनबाह्यांच्यात तिचे गोरे, थुलथुलीत दंड सगळ्यांना दिसले असते. "पूर्ण बाह्यांचा घ्या वहिनी," ती म्हणाली. "पाणी फार गार असतं."

थोरलीने पुन्हा प्रश्न केला नाही. मालकिणीने सूट बांधून देताना सांगितलं की पाण्यात उतरून बघितल्याशिवाय कुणाचाच सूट ठरत नाही. पंधरा दिवसांत, फाटलेला नसेल तर, स्वच्छ धुऊन आणा, बदलून देईन. त्या संध्याकाळी थोरलीने सूट न्हाणीघरात टांगला. सासूबाई दिवा न लावता आत गेल्या, तशाच बाहेर आल्या आणि मोठ्या मुलाला म्हणाल्या की आत एक माणूस उभा आहे, तुझ्या ओळखीचा असेल तर त्याला बसायला सांग.

शनिवारी सकाळी त्या तळ्यावर गेल्या. शर्यतीत उतरणारे वीसेक जण सरावाला आले होते. पाण्यात एक माणूस छोट्या होडीत बसून सगळ्यांवर लक्ष ठेवत होता. थोरलीने काठावर बसून सूट चढवला, आता तिला सराव झाला होता. धाकटी तिचा टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन काठावर थांबली. नेहमीसारखी विजार, जाकीट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

थोरली कमरेपर्यंत गेली, मग छातीपर्यंत. चेहरा पाण्यात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला, शिकवलं होतं तसं. मग निघाली. सुरुवात चांगली झाली. धाकटी मनात हात मोजत होती. मग हात तुटक झाले. डोकं वर यायला लागलं, खाली गेलं की लगेच वर. धाकटीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. श्वास बाहेर सोडला जात नाही, म्हणून आत घेता येत नाही, आणि माणसाला वाटतं हवाच संपली. तिने ओठांत शिट्टी धरली, पण वाजवून काय सांगणार होती? ती धावत पाण्यात शिरली आणि गुडघाभर पाण्यात थांबली. पुढे जायला पाय उचलेना. बूट, जाकीट, विजार, सगळं अंगावर होतं, आणि समोर ते काळं, उघडं पाणी.

तेवढ्यात थोरली उताणी झाली. दोन्ही कान पाण्यात, तोंड आकाशाकडे, आणि एक हात सरळ वर. हात हलवला नाही, ओरडली नाही. फक्त वर धरून ठेवला, आगगाडी थांबवायला निशाण धरावं तसा. होडीवाला वल्ही मारत गेला. तिने होडीची कड धरली आणि बराच वेळ नुसती तरंगत राहिली. मग त्याच्या आधाराने काठाशी आली आणि चालत बाहेर पडली. ओठ निळसर झाले होते. सगळ्यांत आधी तिने पाठीची चेन सोडायला सांगितली. धाकटीला चेन सापडता सापडत नव्हती.

"मान आवळते," थोरली म्हणाली. "हात वर गेला की गळपट्टी वर येते आणि इथे, घशावर, बसते. आधी वाटलं मनाचे खेळ आहेत. मग मोजलं. प्रत्येक हाताला बसते."

आजूबाजूला तीन-चार जण जमले होते, सगळे सडसडीत, सगळे अनुभवी. त्यांनी धीर दिला. पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं, दोन-तीनदा उतरलात की सवय होते, घाबरायचं नाही, लगेच परत पाण्यात जायचं, नाही तर भीती बसते. माणसं चांगली होती आणि सल्ला खोटा नव्हता. धाकटीसुद्धा मुलांना हेच सांगायची. थोरलीने सगळं ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला आणि मग बोलली, कुणाला दुखवायचं नाही अशा बेताने.

"मी ज्या यंत्रावर काम करते ना, त्यात माणसाला बोगद्यात सरकवावं लागतं. हलायचं नाही, वरचं छत नाकाला लागेल इतकं जवळ. मी प्रत्येकाच्या हातात एक रबरी फुगा देते. सांगते, घाबरायला झालं की दाबा, मी लगेच बाहेर काढेन. शूरपणा करू नका. जे दाबत नाहीत, त्यांचंच अवघड होतं. ते आतल्या आत घुसमटतात आणि पुन्हा कधी येत नाहीत. जे दाबतात, ते बाहेर येतात, पाणी पितात आणि म्हणतात, चला, परत घाला." ती थांबली. "आज मी दाबला. मी परत जाणार आहे. पण ह्या सुटात नाही."

एका माणसाने आपला कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. धाकटीने आयुष्यात पुष्कळ पोहणारे पाहिले होते. बक्षिसं मिळवणारे, हात वर करण्यापेक्षा बुडणं पत्करतील असे. पाण्याच्या मधोमध, एवढ्या लोकांदेखत, मला जमत नाहीये असं हात वर करून सांगणारं माणूस तिने क्वचितच पाहिलं होतं. आणि तिला वाटायचं, पोहायला आपण हिला शिकवलं.

परतताना गाडीत तिने सांगून टाकलं. "वहिनी, दुकानात मी बाह्यांचा घ्या म्हटलं ना, ते थंडीसाठी नव्हतं. तो दिसायला बरा वाटला मला."

थोरलीने हीटरपुढे हात धरले होते. "दिसायला बराच आहे," ती म्हणाली. "पण मला त्यात फोटो नव्हता काढायचा." मग थोड्या वेळाने, "तू एकदा असा सूट घालून मला सांगशील का, तुला त्यात काय होतं ते? मला घशाशी काय होतं ते कळतं, पण पोहण्यात कुठे चुकतंय ते कळत नाही. तुला कळेल. मी पाण्यात आणि तू काठावर, असं नाही जमायचं. मला तू शेजारी हवीस."

धाकटी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. नाही म्हणायला तिच्याकडे बरीच कारणं होती, आणि त्यातलं एकही या बाईपुढे काढण्याजोगं नव्हतं.

दुकानात मालकिणीने सूट उलटासुलटा करून पाहिला आणि खळखळ न करता परत घेतला. तिने कारणही उलगडून सांगितलं. बाह्या खांद्यापाशी नीट वर ओढल्या नाहीत, तर सगळा सूट मानेवर लटकतो. तिने स्वतः ओढून बसवून दाखवलं, आणि थोरली म्हणाली की हो, आता पुष्कळ बरं आहे. पण तरी तिने बिनबाह्यांचाच घेतला. त्याची गळपट्टी खाली होती आणि बगला मोकळ्या. "थंडी वाजली तर वाजू दे," ती म्हणाली. "थंडी मला ओळखीची आहे."

मग थोरलीच्या सांगण्यावरून मालकिणीने भाड्याने देण्यातला एक सूट धाकटीच्या हातात ठेवला.

पडद्याआड धाकटीने डोळे मिटूनच तो चढवला. बाहेर आली ती हात छातीवर बांधून, खांदे पुढे काढून. थोरली पुढे आली. तिने कंबर पाहिली नाही, पोट पाहिलं नाही. दोन बोटं धाकटीच्या गळपट्टीत सरकवली आणि विचारलं, "इथे लागतं का?"

"थोडं."

"आणि हात वर केल्यावर?" तिने धाकटीचे बांधलेले हात सोडवून वर नेले, रुग्णाला नीट निजवावं तसे, हलक्या हाताने. मग बाकड्याकडे बोट दाखवलं. "झोप."

धाकटी बाकड्यावर पालथी झाली. दुकानात गिऱ्हाइकं होती. किती होती ते तिने पाहिलं नाही. तिने हात पुढे टाकला, आणि खांदा आपसूक वळला, तोंड आपसूक बाजूला गेलं. इतक्या वर्षांनी तिचं शरीर कुणाला न विचारता कामाला लागलं होतं. मालकीण हातातलं काम सोडून बघत राहिली आणि मग थोरलीला हळूच म्हणाली, "ह्या कुठे होत्या इतके दिवस?"

"काठावर," थोरली म्हणाली.

पुढच्या शनिवारी दोघी एकदमच पाण्यात उतरल्या. पाठीच्या चेनमधून गार पाणी आत शिरलं तेव्हा धाकटीच्या तोंडून शीळ निघाली. मग तेच पाणी अंगाच्या उबेने कोमट झालं, आणि सुटाने तिला अलगद वर उचलून धरलं. पाण्याने इतकं फुकट काही तिला कधी दिलं नव्हतं. थोरली पुढे निघाली होती. दंड उघडे, गुलाबी पडलेले, पण हात सरळ आणि लांब जात होते. धाकटीने तिला गाठलं आणि शेजारून पोहू लागली. वेग कमी करावा लागला, आणि तिच्या ध्यानात आलं की असं पोहणं सोपं नाही. शाळेत असताना ती धाप लागेपर्यंत पोहायची आणि थांबायची. थोरलीला थांबणं ठाऊकच नव्हतं. डावा, उजवा, श्वास. एकाही हाताची घाई नाही, एकही वाया नाही. परत येईपर्यंत धाकटीला धाप लागली होती, आणि थोरली काठावर उभी राहून होडीवाल्याला त्याच्या पाठदुखीवर व्यायाम सांगत होती.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडला नाही. धाकटी दोरीबाहेर भाऊजींबरोबर, थोरलीच्या नवऱ्याबरोबर, उभी होती. भोंगा वाजला आणि सगळे पाण्यात घुसले. थोरलीने आधी पुढच्यांना जाऊ दिलं, मग शांतपणे निघाली. मध्यावर ती एकदा उताणी झाली. भाऊजींनी धाकटीचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. पण हात वर आला नाही. थोडा वेळ तरंगून, पुरेसा दम घेऊन ती पुन्हा पालथी झाली आणि पुढे निघाली. ती बाहेर आली तेव्हा मागे अजून बरेच जण पाण्यात होते.

खरी फजिती पुढे होती. सूट टाचांत अडकला. थोरली गवतावर बसली, पाय हवेत केले, ओढला, तरी निघेना. बाहेरच्या कुणी मदत करायची नाही, असा नियम होता. दोरीपलीकडून भाऊजी हाताने नुसतंच हवेत सूट ओढून दाखवत होते. "टाच, आधी टाच!" ते ओरडले, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा भर लोकांत. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, टाच सोडवली, सूट गवतावर फेकला आणि सायकल घेऊन निघाली. जाताना त्यांच्याकडे बघून डोळा मारला. भाऊजी कितीतरी वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे होते.

ती सायकलवरून परत आली. मग पळायला गेली आणि शेवटचा टप्पा अर्धा पळत, अर्धा चालत, शेजारून चालणाऱ्या एका अनोळखी बाईशी गप्पा मारत पुरा केला. ती बाई दमून सोडून देणार होती, असं नंतर कळलं. शेवटच्या रेषेवर दोघी हात धरून आल्या. नाव काय त्या बाईचं, असं धाकटीने विचारलं, तर थोरलीने विचारलंच नव्हतं. गुडघ्याचं दुखणं मात्र सगळं विचारून घेतलं होतं.

घरी जाताना धाकटी गाडी चालवत होती. थोरली शेजारच्या सीटवर, केळ्याची साल हातात, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मागे भाऊजी मांडीवर ओला सूट घेऊन बसले होते. त्यांची विजार भिजली होती, पण डिकीत टाकू का म्हटल्यावर त्यांनी नको म्हणून सांगितलं. ते मुळातच कमी बोलणारे. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की ह्याला उन्हात वाळवायचं की सावलीत.

"सावलीत," धाकटी म्हणाली. "उलटा करून. आणि आधी साध्या पाण्याने धुवायचा."

"मी धुतो," भाऊजी म्हणाले. त्यांनी सुटाच्या चुरगळलेल्या पाठीवरून तळवा फिरवला, चेन सरळ केली, आणि मग आपल्याशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "मी तर पाण्यात पायसुद्धा घालत नाही."

"येता का?" धाकटीने आरशातून विचारलं. "मंगळवारी संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग असतो. उथळ टोकाला. मी पाण्यात असते."

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं. नाही म्हणाले नाहीत.